घडी

हेलसिंकीचा विमानतळ, पहाटेचे पावणेसहा,
बाहेर उणे एकोणीस.
माझी पाठपिशवी यंत्रात गेली
आणि सरकता पट्टा थांबला.
मागे आला, पुढे गेला, पुन्हा थांबला.
माझ्यामागचा माणूस मोज्यांवर उभा,
एका हाताने पँट सावरत.

पडद्यावर काय दिसत असणार ते मला पाठ आहे :
एक डबी, डबीतून निघालेली वायर,
वायरीच्या टोकाला बोटभर नळकांडं.
त्या खुर्चीत मी असते
तर मीही थांबवलं असतं.

"बाजूला या."
साठीकडे झुकलेला, छातीवर नाव : तायस्तो.
मी कडा झिजलेलं कार्ड पुढे केलं,
त्यावर हेच चित्र, हीच वायर.
म्हटलं, मी बेशुद्ध झाले, गोठले, विसरले,
तर शेवटच्या काहीशे फुटांवर
ही डबी एक दोरी कापते. बस्स, एवढंच करते.
आत्ता बंद आहे. प्रवासात बंदच ठेवायची,
तिलाही कळायला हवं ना
की आज कुणी पडणार नाहीये.

"उघडा."

मोठी छत्री उघडते. म्हणाल तर इथेच
फरशीभर पसरते, पंधरा मिनिटांत पुन्हा भरते.
पण ही वरची, राखीव,
हिला लाल दोरा आहे, दोऱ्याला शिशाचा मणी,
मण्यावर हेइमोचा ठसा.
गेल्या एप्रिलात, धावपट्टीमागच्या शेडमध्ये,
गुडघ्यांवर बसून त्याने हिची एकेक घडी घातली,
दोऱ्याचं टोक दातांत, रेडिओवर आइस हॉकी.
काम चालू असताना बोलायचा नाही.
एरवीही फारसा नाही.
नोव्हेंबरात गेला.
उडी मारताना का, असं सगळे विचारतात.
नाही. स्वादुपिंड.

यातलं काही मी तायस्तोला सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं,
ही घडी मोडली तर मला उडी मारता येणार नाही,
आणि ज्याने घातली
तो आता पुन्हा घालणार नाही.

फिनिश माणूस गप्प होतो तेव्हा
विचार करतोय की नुसताच गप्प आहे
हे आम्हाला आमचंही कळत नाही.

त्याने कापडाची पट्टी शिवणींवरून फिरवली,
यंत्रात घातली. यंत्र म्हणालं, काही नाही.
मग बोटाच्या टोकाने मणी उलटा करून पाहिला.
"ही उघडते, हे कशावरून?"
माहीत नाही. वापरलीच नाही कधी.
सातशे बारा उड्या.
"एकदाही नाही?"
एकदाही नाही.
काठोकाठ भरलेलं पातेलं उचलावं
तशी त्याने ती माझ्याकडे दिली.

विमानात आम्ही एकशे चौसष्ट जण
आणि वरच्या कप्प्यात एक हवाई छत्री.
कुणाला सांगू नये अशी गोष्ट.
तसाही इथे तिचा काडीचा उपयोग नाही.
विमानाने वर गेले आहे मी साडेसातशेदा,
विमानातून खाली जेमतेम चाळीसदा.
उतरताना मला अजून कसंतरीच होतं.

बार्सिलोनाच्या अलीकडे कान दडपले.
चार हजार मीटर. हे मला पोटात कळतं.
इथे दार उघडतं,
इथे हेइमो हातमोज्याचा वास येणारा हात
माझ्या हेल्मेटवर टेकवायचा, क्षणभर.
माझा हात आपोआप कमरेमागे गेला,
हँडल शोधत.
शेजारच्या बाईंनी विचारलं, पाठ दुखते का?
म्हटलं, हो.

चौदा एप्रिलला मुदत संपते.
मग ती नवी मुलगी, पिएता, कात्री घेईल.
नियम आहे, आणि बरोबर आहे :
वर्षभर न उघडलेल्यावर भिस्त ठेवू नये.
स्प्रिंग उसळेल,
त्याने घातलेल्या सगळ्या घड्या शेडभर सुटतील.
तेव्हा मी तिथे असेन का, ठरवलेलं नाही.
मणी मात्र मागून घेईन.

सध्या ती माझ्या डोक्यावर आहे,
कुणाच्यातरी ओल्या लोकरी कोटाखाली.